ब्रूस बोची: जिंकले २२५२, हरले २२६६

पडवीतला_पाहुणा (धागाकर्ता)

परवा एका क्रिकेटच्या धाग्यावर "कोच नुसते वही घेऊन डगआउटमध्ये बसतात, त्यांचा उपयोग काय" असा वाद रंगला होता. तिथे मी ब्रूस बोची या बेसबॉलच्या मॅनेजरचं उदाहरण दिलं आणि दोघंतिघं "इस्कटून सांगा" म्हणून मागे लागले. तिकडे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

मी २००८ साली सॅन होजेला आलो. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा बिघडलेला चुलतभाऊ, एवढंच माझं ज्ञान. ऑफिसात शेजारी बसणारा जायंट्सवेडा (जायंट्स म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा बेसबॉल संघ). २०१० च्या ऑक्टोबरात त्याने मला एका संध्याकाळी घरी बसवून सामना दाखवला. माझं लक्ष खेळाकडे कमी आणि एका माणसाकडे जास्त होतं. मोठ्ठं डोकं, गुडघे दुखत असल्यासारखी चाल. दर थोड्या वेळाने तो संथपणे मैदानाच्या मधोमध जायचा, पिचरच्या (म्हणजे त्यांच्या बोलरच्या) हातातून चेंडू काढून घ्यायचा, त्याच्या पाठीवर एक थाप मारायचा आणि परत यायचा. हा ब्रूस बोची.

आधी मॅनेजर म्हणजे काय ते. क्रिकेटमधला कर्णधार, निवड समितीचा अर्धा भाग आणि कोच हे तिघं एकाच माणसात कोंबले की बेसबॉलचा मॅनेजर होतो. आज कोण खेळणार, कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंग करणार, पिचर कधी बदलायचा, सगळं त्याच्या हातात. मेख अशी की बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बुमराहला दोन ओव्हर देऊन शेवटासाठी राखून ठेवू, असं इथे चालत नाही. काढला की संपला. आणि मोसमात सामने १६२.

बोचीचा जन्म १९५५ चा, तोही फ्रान्समधला. वडील अमेरिकी सैन्यात, तेव्हा नेमणूक तिकडे होती. खेळाडू म्हणून साधारणच. ह्यूस्टन, न्यूयॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो मिळून नऊ मोसमांत ३५८ सामने, बॅटिंगची सरासरी .२३९. राखीव कॅचर. म्हणजे आपल्याकडे दौऱ्यावर नेलेला दुसरा विकेटकीपर, ज्याचा फोटो सगळ्यात कडेला असतो तो. त्यातही एक पराक्रम आहे. १९८५ मध्ये त्याने नोलन रायनसारख्या दिग्गज पिचरला होम रन (आपला षटकार समजा) मारून सामना तिथल्या तिथे संपवला होता. हा रायन पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

माझ्या मते ही राखीव कॅचरगिरीच त्याची शाळा. मैदानावर बाकी आठ जण एकीकडे तोंड करून उभे असतात, एकटा कॅचर त्यांच्याकडे तोंड करून बसतो. कुठला चेंडू टाकायचा याची खूण तोच करतो. त्यातून राखीव असला की सामनाभर बाकावर बसून बघायचं आणि पिचर लोकांबरोबर सराव करायचा. कोणाचा हात कधी थकतो, कोण घाबरला की चेंडू उंच टाकतो, कोणाला शिव्या चालतात आणि कोणाला गोड बोलावं लागतं, हे त्याला त्या बाकावर कळलं असणार.

खेळणं संपल्यावर १९८९ ते ९२ सॅन डिएगो पाद्रेसच्या छोट्या गावांतल्या संघांचा मॅनेजर, मग दोन वर्षं मुख्य संघात कोच आणि १९९५ ला थेट मॅनेजर. १९९६ ला नॅशनल लीगचा (तिकडच्या दोन लीगपैकी एक) वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर. १९९८ ला ९८ विजय आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. तिथे समोर त्या वर्षीचे बलाढ्य न्यूयॉर्क यांकीज. चारात चार हरले.

पुढचं जायंट्सचं प्रकरण खाली प्रतिसादात टंकतो. चहा ठेवलाय गॅसवर.

खारीबिस्किट

रुमाल टाकून ठेवतेय. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येतेय.

एक बाळबोध शंका. हा साठी उलटलेला गृहस्थ खेळाडूंसारखा गणवेश घालून का बसतो? फुटबॉलचे मॅनेजर कसे सूटबूट घालून ओरडत असतात.

साडेमाडेतीन

शीर्षकातच उत्तर आहे की. २२६६ हरला. म्हणजे निम्म्याहून जास्त. उगाच देव्हाऱ्यात बसवू नका.

मी आकडे बघणारा माणूस आहे. मॅनेजरमुळे मोसमात फार फार तर दोनचार सामने इकडचे तिकडे होत असतील. बाकी सगळं खेळाडू आणि त्यांना विकत आणणारे. चांगला संघ मिळाला की मॅनेजर हुशार ठरतो, आणि वाईट मिळाला की दोन वर्षांत नारळ.

पडवीतला_पाहुणा

@खारीबिस्किट: पूर्वी मॅनेजर स्वतः खेळायचेही, तेव्हापासून ही पद्धत आहे. पण सूट घालणाराही एक होऊन गेला, कॉनी मॅक. फिलाडेल्फियाच्या संघाचा १९०१ ते १९५० असा पन्नास वर्षं मॅनेजर!

@साडेमाडेतीन: या मॅकचेच आकडे बघा. ३७३१ विजय, ३९४८ पराभव. जिंकण्यातही इतिहासात पहिला, हरण्यातही पहिला. पाच वर्ल्ड सिरीज नावावर. (संघात त्याची स्वतःची मालकी होती, तेव्हा नारळ देणार कोण?)

बोचीच्या हरण्याचा हिशोब नीट मांडू. १९९८ च्या वर्ल्ड सिरीजनंतर दोनच आठवड्यांत सॅन डिएगोच्या मतदारांनी नव्या स्टेडियमला मंजुरी दिली. आणि लगेच संघातले मोठे खेळाडू एकेक करून गेले. केव्हिन ब्राऊन, कॅमिनिटी, फिनली, वॉन. स्टेडियम उघडलं २००४ ला. मधली पाच वर्षं बोची उरलेल्या पोरांना घेऊन हरत राहिला. २००२ मध्ये ९६ पराभव, २००३ मध्ये ९८. तरी त्याला काढलं नाही. तुमच्या हिशोबाने दोन वर्षांत नारळ मिळायला हवा होता. तो बारा वर्षं तिथे टिकला.

उगाच

नवीन स्टेडियम बांधायला घेतलं की संघ मोडायचा हे मुन्सिपाल्टीच्या पुलासारखं झालं. पूल झाला तोवर नदी आटली.

पडवीतला_पाहुणा

चहा झाला. पुढे.

२००७ ला बोची सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे आला. पहिलंच वर्ष बॅरी बाँड्सचं. ऑगस्टमध्ये बाँड्सने ७५६ वा होम रन मारून हँक आरनचा सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, तोही उत्तेजकांच्या संशयाच्या सावटात. रोज पत्रकारांचा गराडा, आणि संघ हरतोय. ते वर्ष त्याने कसं काढलं त्याचं त्यालाच ठाऊक.

मग २०१०. या संघात बाँड्ससारखा कोणी नव्हता. कोडी रॉस नावाचा बॅटर दुसऱ्या संघाने सोडून दिलेला, ऑगस्टमध्ये उचललेला. तोच पुढे लीग अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅचर बस्टर पोसी पहिल्याच वर्षातलं पोर. त्याला जागा करायला अनुभवी बेंजी मोलिनाला टेक्सासला पाठवलं होतं, आणि वर्ल्ड सिरीजला समोर तेच टेक्सास रेंजर्स!

मी पाहिलेला तो सामना म्हणजे फिलाडेल्फियातला लीग अंतिम मालिकेतला सहावा. जायंट्सचा पिचर सांचेझ गडबडला. नऊपैकी तिसऱ्या इनिंगमध्येच एकाला चालत (चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर) पाठवलं, दुसऱ्याला चेंडू मारला, दोन्ही संघ मैदानात उतरून हमरीतुमरीवर आले. बोची आला आणि त्याने चेंडू काढून घेतला. तिसऱ्या इनिंगला! अजून सात इनिंग बाकी. त्याने अॅफेल्डटकडून दोन काढल्या, मग बमगार्नर या एकवीस वर्षांच्या पोराकडून दोन, मग लोपेझकडून एक, मग लिन्सेकम, आणि शेवटी ब्रायन विल्सन. एक चेंडू जरी चुकीच्या हातात पडला असता तर सामना गेला असता. ३-२ ने जिंकले. माझा सहकारी सोफ्यावर उभा राहून रडत होता, आणि मला कळेना की रडण्यासारखं झालंय काय.

वर्ल्ड सिरीज ४-१. रेंजर्सचा अध्यक्ष कोण होता? नोलन रायन.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला. मी जळगावकडचा. शाळेत वीस वर्षं मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ बघितला, त्यामुळे हे पिचर-कॅचर थोडंफार कळतं. लोकांना वाटतं हा अमेरिकेतला खेळ, पण सॉफ्टबॉल आपल्या जिल्ह्याजिल्ह्यात शालेय स्पर्धांना खेळतात.

पिचर बदलणं हा निर्णय कागदावर सोपा असतो. प्रत्यक्षात ती मुलगी तुमच्याकडे बघत असते. चेंडू मागितला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला तिचीच गरज लागणार असते. माझ्याकडे एक चांगली मुलगी होती. एकदा मी तिला सगळ्यांदेखत काढली आणि वरून चार शब्द सुनावले. ती खेळायचीच बंद झाली. चूक माझी होती.

म्हणून विचारतो, या गृहस्थाने ज्यांना काढलं त्यांचं पुढे काय झालं?

पडवीतला_पाहुणा

सर, दंडवत. नेमक्या जागी बोट ठेवलंत. मला खरं तर हेच सांगायचं होतं.

बॅरी झिटो. सात वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार. २०१० च्या ऑक्टोबरात, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, बोचीने त्याला संघातच घेतलं नाही. तिन्ही मालिकांत बाहेर. एवढ्या पगाराच्या माणसाला मैदानाच्या कडेला उभं करायला छाती लागते. दुसरा कोणी असता तर ट्रेड (दुसऱ्या संघात बदली) मागून निघून गेला असता. २०१२ ला जायंट्स सेंट लुईसविरुद्ध ३-१ ने मागे, हरले की घरी. पाचव्या सामन्यात चेंडू कोणाकडे? झिटोकडे. पावणेआठ इनिंगच्या आसपास टाकल्या, एकही रन नाही. मग वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, समोर डेट्रॉइटचा पिचर व्हरलँडर. तोही झिटो जिंकला.

पाब्लो सँडोव्हाल. २०१० मध्ये फॉर्म गेला, वजन वाढलं, ऑक्टोबरात बहुतेक वेळ बाकावर. २०१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात पहिल्या तीन बॅटिंगला तीन होम रन, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू.

टिम लिन्सेकम. २००८ आणि २००९ चा साय यंग विजेता, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर. २०१२ ला १५ सामने हरला. बोचीने त्याला सुरुवात करायची सोडून मधल्या इनिंगला आणायला सुरुवात केली. अशा मानाच्या माणसाला! तो आला, आणि सिनसिनाटीत चार-सव्वाचार इनिंग टाकून मालिका जिवंत ठेवली. ती मालिकाही ०-२ अशी मागून जिंकलेली.

आणि ज्याला परत घेतलं नाही असाही एक. मेल्की काब्रेरा. .३४६ ची सरासरी, त्या वर्षीच्या ऑलस्टार सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू. ऑगस्टमध्ये उत्तेजकांसाठी ५० सामन्यांची बंदी. वर्ल्ड सिरीजच्या आधी ती संपली होती. संघाने नाही म्हटलं. त्याच्याशिवाय खेळले आणि डेट्रॉइटला चारात चार हरवलं.

खारीबिस्किट

सर, तुमचा प्रतिसाद वाचून कसंतरीच झालं. चूक कबूल करणारे कमीच.

बाकी त्या झिटोची गोष्ट ऐकून मला आमच्या मोठ्या जाऊबाई आठवल्या. घरच्या कार्यात एका वर्षी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं. दुसऱ्या वर्षी पुरणाची पोळी फाटायला लागली तेव्हा सासूबाईंनी हाक कोणाला मारली असेल, सांगा बघू.

उगाच

+१. जाऊबाई पण पावणेआठ इनिंग उभ्या राहिल्या असतील.

साडेमाडेतीन

गोष्टी छान आहेत. पण तुम्ही फक्त लागलेले बाण दाखवताय. २०१६ बद्दल गप्प का?

शिकागो कब्जविरुद्ध चौथा सामना, सॅन फ्रान्सिस्कोत. जायंट्सच्या मॅट मूरने आठ इनिंग, दोन हिट, १२० चेंडू. स्कोअर ५-२. नववी इनिंग, तीन बाद हवेत. बोचीने मूरला काढलं. मग लॉ, लोपेझ, रोमो, स्मिथ, स्ट्रिकलंड. एका इनिंगमध्ये पाच जण! प्रत्येक जण आला आणि एक-एक धोंडा टाकून गेला. कब्ज ६-५ ने जिंकले, आणि पुढे १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज. तेव्हा हाच तुमचा चेंडू काढून घेणारा जादूगार होता ना? २०१० ला तीच चाल चालली तेव्हा अक्कल, २०१६ ला फसली तेव्हा नशीब?

पडवीतला_पाहुणा

मान्य. तो सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बाबावर ओरडलो. सुटून ट्रेनला आलो तेव्हा डब्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

पण २०१४ ची उलट बाजूही बघा. वर्ल्ड सिरीज, कॅन्सस सिटी, सातवा सामना. ३९ वर्षांच्या टिम हडसनला दुसऱ्या इनिंगमध्येच काढलं. पाचव्या इनिंगला बमगार्नर आणला, ज्याने तीनच दिवसांपूर्वी ११७ चेंडू टाकून आख्खा सामना एकहाती काढला होता. सगळ्यांना वाटलं दोन इनिंग, फार तर तीन. बोची त्याच्याकडे चेंडू मागायला गेलाच नाही. पाच इनिंग, ६८ चेंडू. नवव्या इनिंगला दोन बाद असताना कॅन्ससचा गॉर्डन तिसऱ्या बेसवर, म्हणजे बरोबरी नव्वद फुटांवर. तरी माउंडवर (पिचरच्या जागी) तोच. ३-२.

म्हणजे या माणसाकडे "पिचर भराभर बदला" असं एक सूत्र नव्हतं. एकाच रात्री एकाला दुसऱ्या इनिंगला काढलं आणि दुसऱ्याला शेवटपर्यंत ठेवलं.

टेक्सासची_सून

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. आम्ही डॅलसकडचे, रेंजर्सवाले. २०१० ला तुमच्या या बाबाने आमचं नाक कापलं. २०११ ला तर दोनदा एका स्ट्राइकवर (म्हणजे एका चेंडूवर) विजेतेपद आलं आणि दोनदा गेलं. त्या रात्री नवरा जेवला नाही, तेव्हा माझं लग्न नवीन होतं, मला वाटलं माझी आमटी बिघडली.

२०२१ ला आमचे १०२ पराभव, २०२२ ला ९४. मग आमचा जनरल मॅनेजर क्रिस यंग बोचीच्या नॅशव्हिलच्या घरी गेला. यंग २००६ मध्ये पाद्रेसला बोचीच्याच हाताखाली पिचर होता. बोची २०१९ ला जायंट्समधून निवृत्त झालेला, तीन वर्षं घरी. मधे फ्रान्सच्या संघाला पात्रता फेरीत मॅनेज केलेलं, जन्मभूमीचं ऋण म्हणून असेल. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला कशाला आणताय म्हणून आमच्याकडे लोक कुरकुरत होते.

२०२३ ला काय झालं ते सांगते. आमचं बुलपेन (राखीव पिचरांचा ताफा) म्हणजे गळकी बादली. मोसमात ३० सामने वाचवले, ३३ हातचे घालवले. आमचा मोठा पिचर डीग्रॉम सहा सामने टाकून कोपराच्या ऑपरेशनला गेला. कसेबसे वाइल्ड कार्डने (गटात पहिले न येता मिळणाऱ्या जागेवर) आत. ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत पाचव्या सामन्यात नवव्या इनिंगला आमचा पिचर लेक्लर्कला त्यांच्या अल्टूव्हेने तीन रनांचा होम रन मारला आणि जिंकलेला सामना गेला. त्या रात्री गल्लीतल्या प्रत्येकाने लेक्लर्कला घरी पाठवलं होतं.

सहाव्या सामन्यात आठव्या इनिंगला सामना अजून हातात यायचा होता. फाटक उघडून बाहेर कोण आला? लेक्लर्क. मी उशीत तोंड घातलं. तिन्ही बेस भरलेले असताना त्याने स्ट्राइकआउट घेतला, म्हणजे बॅटरला चेंडू न मारता बाद केलं. पुढच्याच इनिंगला आमच्या गार्सियाचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन), आणि सातवा सामना ११-४.

मग अॅरिझोनाला ४-१. त्या ऑक्टोबरात परक्या मैदानावर ११ पैकी ११. संघाच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद.

निवृत्त_मास्तर

लेक्लर्कचं वाचून बरं वाटलं. दोनच दिवसांत परत त्याच्याच हातात. माझ्याच्याने झालं नसतं.

साडेमाडेतीन

सीगरला ३२ कोटी ५० लाख डॉलर आणि सेमिएनला १७ कोटी ५० लाख डॉलर देऊन आणलं होतं, तेही बोचीच्या आधीच्या वर्षी, हे ताईंनी सांगितलं नाही. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू सीगरच.

पडवीतला_पाहुणा

बरोबर. २०२२ ला तेच दोघं होते आणि ९४ सामने हरले होते.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. २०१० ते १४ मधलं बोचीचं मुख्य हत्यार म्हणजे एकेका बॅटरसाठी एकेक पिचर. डावखुरा बॅटर आला की लोपेझ, तो बाद झाला की लगेच दुसरा. २०२० पासून नियमच बदलला. नवा पिचर आणला की त्याने किमान तीन बॅटर तरी खेळले पाहिजेत, नाहीतर इनिंग संपेपर्यंत राहिलं पाहिजे. म्हणजे हा माणूस घरी बसला असताना त्याचं हत्यार काढून घेतलं. २०२३ ला आला तेव्हा वर आणखी पिच क्लॉकही (चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा) आला होता. तरी जिंकला. मग हत्यार लोपेझ होता की आणखी काही?

आकडेच हवेत तर ऑक्टोबरचे (बाद फेरीतले विजय-पराभव) घ्या. सॅन डिएगोला ८-१६. सॅन फ्रान्सिस्कोला ३६-१७. टेक्सासला १३-४. आणि "हरलं तर घरी" असा दोन्ही संघांसाठी शेवटचा सामना सहा वेळा आला, सहाही जिंकले. चार विजेतेपदं त्याच्याआधी फक्त पाच मॅनेजरांना मिळाली होती, आणि दोन्ही लीगमध्ये जिंकणारा तो स्पार्की अँडरसन आणि टोनी ला रुसा यांच्यानंतर तिसरा.

साडेमाडेतीन

सहा सामने म्हणजे नाणं सहा वेळा उडवणं. पण तीन बॅटरच्या नियमाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तेवढ्यापुरतं अनुमोदन. हे माझं शेवटचं पोस्ट.

उगाच

साडेमाडेतीन यांनी अनुमोदन दिलं. धागा वाचनखुणेत साठवला आहे.

टेक्सासची_सून

२०२४ ला ७८ आणि २०२५ ला ८१ विजय, मग तो आणि संघ वेगळे झाले. आमच्याकडे आता कोणी त्याच्याबद्दल कुरकुरत नाही.

निवृत्त_मास्तर

एक शेवटचं विचारतो. त्यांच्या घरात कोणी पुढे खेळलं का?

पडवीतला_पाहुणा

हो सर, मुलगा ब्रेट. पिचरच. सप्टेंबर २०१४ मध्ये लॉस अँजेलिस डॉजर्सविरुद्ध जायंट्सकडून पहिल्यांदा उतरला, बाप मॅनेजर असतानाच. सामना आधीच हातचा गेलेला, शेवटी १७-० ने हरले. माउंडवर चालत जाऊन चेंडू ब्रेटच्या हातात ठेवणारा बापच.

निवृत्त_मास्तर

आणि काढून घेणारा पण?

पडवीतला_पाहुणा

तोच, सर.